गप्पीची पिल्ले वाचवा

गप्पी हा इवलासा मासा डासांच्या अळ्या खातो. म्हणून पाण्याच्या हौदात तो सोडतात. मुले हौसेने काचेच्या पेटीतही पाळतात. हा मासा अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देतो. पण पिल्ले झाली कधी आणि गेली कुठे, हे पुष्कळदा घरच्यांना कळतच नाही. कारण आईच त्यांना गिळते!

गाभण मादी ओळखणे सोपे आहे. नर लहान व रंगीत. मादी मोठी व फिकट. तिच्या पोटाच्या मागच्या भागावर काळसर डाग असतो. दिवस भरत आले की तो मोठा व गडद होतो आणि पोट चौकोनी दिसू लागते. साधारण ४ आठवड्यांत मादी विते. एका वेळी बहुधा २० ते ५० पिल्ले होतात. एकदा नराचा संग झाला की पुढे नर नसतानाही ती अनेकदा विते.

पोट चौकोनी दिसताच मादीला दाट पाणवनस्पती घातलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवावे. पाणी जुन्याच पेटीतले घ्यावे. ती व्याली की लगेच बाहेर काढावी. पिल्ले जन्मतःच पोहतात. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटांवर चुरडून, अगदी कणभर, दिवसातून दोन-तीनदा द्यावा. उरलेले खाद्य काढून टाकावे. ते कुजले की पिल्ले दगावतात. दीड-दोन महिन्यांत ती मोठ्या माशांत सोडण्याजोगी होतात.

मासे फार वाढले तर शेजाऱ्यांना हौदासाठी द्यावेत. ओढ्यात वा तळ्यात मात्र सोडू नयेत. हा परदेशी मासा तेथील गावठी माशांच्या मुळावर येतो.