जादूची तलवार किती जणांकडे असावी?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला. खेळाडू पात्रं वठवतात, सूत्रधार जग रचतो. या पात्रांना जादूच्या वस्तू किती द्याव्यात, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हात सैल सोडला. वस्तूंना सोन्याच्या नाण्यांत किमती लागल्या आणि कोणत्या पातळीच्या पात्राकडे किती संपत्ती हवी, याचा तक्ताच छापला गेला. शत्रूंची ताकदही तेवढी सामग्री गृहीत धरून ठरलेली. कंजूष सूत्रधाराच्या हाताखाली पात्रं हकनाक मरायची! तलवार बक्षीस उरली नाही, दुकानातून आणलेल्या छत्रीसारखी गरजेची वस्तू झाली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हिशेब उलटा मांडला. जादूच्या वस्तू ऐच्छिक ठरल्या. त्यांतल्या ज्यांच्याशी पात्राला आधी नातं जुळवावं लागतं, अशा एका वेळी तीनच.

अर्थात खेळ ज्या काल्पनिक जगात घडतो, त्यानुसार माप बदलतं. ‘एबेरॉन’ या जगात जादूवर रेल्वे धावते, ‘डार्क सन’च्या वाळवंटात साधा धातूही दुर्मीळ. नव्या सूत्रधाराने सुरुवातीला हात आखडताच ठेवावा. नंतर वाढवता येतं. दिलेलं काढून घेतलं की खेळाडू रुसतात.