एका घराची चार बिऱ्हाडे

गोव्यातील कितीतरी चौसोपी घरांची आज अशी अवस्था आहे की, मालक दहा आणि राहणारे दोन. उरलेले आठ पणजी-मडगावला भाड्याच्या फ्लॅटांत राहतात आणि नव्या घरासाठी डोंगरउतारावर भूखंड शोधतात. मूळच्या घरातच तीन-चार स्वतंत्र बिऱ्हाडे का करू नयेत, हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

राजांगणाभोवतीच्या खोल्या वाटून प्रत्येकास वेगळी चूल, वेगळी न्हाणी व वेगळा दरवाजा देता येतो. मागील पडवीचे किंवा परसातील रिकाम्या गोठ्याचेही बिऱ्हाड होते. मात्र राजांगणात मध्येच भिंत घालण्याचा मोह आवरावा. चारी बाजूंच्या कौलांचे पाणी तेथे उतरते. त्याची वाट अडली की पहिल्याच आषाढात जोत्यांत ओल शिरते. मजला चढविणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंती वासे-कौलांचा भार पेलतात, सिमेंटच्या स्लॅबचा नव्हे. त्यासाठी पायापासून स्वतंत्र खांबच उभारावे लागतात. ते नकोत म्हणणारा गवंडी स्वस्त वाटतो, एवढेच.

परंतु खरी अडचण चिऱ्यांत नसून कागदांत आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलीस मुलाइतकाच वाटा दिला. २०१६ साली अमलात आलेल्या गोव्याच्या वारसाहक्क कायद्यानेही तो राखला. सामाईक घरात सहमालकांच्या संमतीवाचून बांधकाम काढले की तक्रार ठरलेलीच. वाद कोर्टात जाऊन इन्व्हेंटरी सुरू झाली, तर घरासाठी वारसांमध्येच बोली लागू शकते आणि ज्याची थैली जड त्याच्याकडे घर जाते. गावी राहून दरवर्षी कौले शाकारणाऱ्या भावाची थैली बहुधा हलकीच असते.

म्हणून वेगळी चूल मांडण्यापूर्वी घराचा नकाशा काढावा. कोणत्या खोल्या कुणाच्या, आणि विहीर, तुळस, देवखोली व राजांगण सामाईक कसे, हे नोंदणीकृत दस्तात यावे. त्यावर लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या व त्यांच्या पतींच्याही सह्या हव्यात. बहिणीस माहेरच्या मायेची आण घालून हक्क सोडावयास लावणे आणि त्यालाच संमती म्हणणे, हे आम्हांस मान्य नाही. तिलाही एक खोली व एक किल्ली मिळाली पाहिजे. हा विषय चवथीला सारे जमतात तेव्हाच काढणे सोयीचे. विसर्जन झाले की मुंबईचा भाऊ पुढच्या भाद्रपदापर्यंत हाती लागत नाही.