पेटीशी भांडलेला साहेब

सप्ताहातलं कीर्तन असो की शाळेची प्रार्थना, माजलगावात पेटीशिवाय भागत नाही. पण १ मार्च १९४० पासून हीच पेटी ऑल इंडिया रेडिओवर चक्क बंद होती! बंदी सैल झाली ती थेट १९७१ मध्ये. त्याआधी, १९३८ साली, रेडिओच्याच ‘द इंडियन लिसनर’मध्ये पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला होता जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानं.

राग आला? थांबा, आधी त्याचं संगीत ऐका.

कोण हा फोल्ड्स?

जन्म १८८०, मँचेस्टर. तिथल्या हॅले ऑर्केस्ट्रात तो चेलो वाजवायचा. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. तिकडचा वेगळा. साठ-सत्तर वादक आणि बहुतेक वेळा गायक नाहीच. जे बोलायचं ते वाद्यांनी.

पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी त्यानं ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ लिहिलं. ११ नोव्हेंबर १९२३ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजाराहून जास्त कलाकारांनी ते सादर केलं. १९२६ नंतर मात्र ते विस्मरणात गेलं. त्याच हॉलमध्ये पुन्हा घुमायला २००७ उजाडलं.

त्याची बायको मॉड मॅकार्थी व्हायोलिन वाजवायची. ती आधीच भारतात येऊन आपलं संगीत शिकून गेली होती. तिच्यामुळे त्याला श्रुती आणि दक्षिणेतले ७२ मेळ कळले. १९३५ मध्ये तो भारतात आला, पुढे दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, भारतीय वाद्यांसाठीही लिहू लागला. एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. वय ५८. दोन्हीकडची वाद्यं एकत्र आणणारी त्याची सिम्फनी तर हरवूनच गेली.

भांडण कशाचं?

पेटीचे स्वर ठरलेले. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर नाही, मींड नाही. आणि आपलं गाणं तर त्या मधल्या जागेतच फुलतं, हा त्याचा मुद्दा.

गंमत म्हणजे ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ त्यानं पियानोसाठी लिहिलं, आणि पियानोचेही स्वर ठरलेलेच! पहिल्या भागात तो सातच स्वर धरतो, बाहेरचा एकही लावत नाही. अगदी वर्ज्य स्वर पाळावेत तसं. दुसऱ्या भागात व्हायोलिनं अर्ध्याच्याही अर्ध्या स्वरानं सरकतात. पियानोला जे जमत नाही, ते त्या करतात.

मला त्याचं अर्धंच पटतं. मींड गळा घेतो, पेटी साथ करते. आपल्या भजनी मंडळांनी हे कधीच जमवलंय. पण ती व्हायोलिनं ऐकली की हा माणूस काय शोधत होता ते कळतं.

सुरुवात कुठून?

१. केल्टिक लमेंट: चेलोची साधी, उदास चाल. पहिल्यांदा हेच.

२. डायनॅमिक ट्रिप्टिक: दुसरा भाग, हेडफोन लावून.

३. थ्री मंत्राज: दुसऱ्या मंत्रात बायकांचे शब्दांविना आवाज, तिसऱ्यात नुसता दणका. आवाज आधी कमी ठेवा!