सिलिंडर कोणता घ्यावा? वजन, पैसा आणि पोडापर्यंतची वाट

झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत ग्रामभेटीला जाणाऱ्या आपल्या सेवक-सेविकांना ही गोष्ट नवीन नाही. घरात उज्ज्वलाची शेगडी आहे, सिलिंडरही आहे. पण सिलिंडर रिकामा होऊन कोपऱ्यात उभा आहे आणि भाकरी चुलीवरच भाजली जाते. कारण विचारले की बहुतेक ठिकाणी दोन उत्तरे येतात: भरायला पैसा नाही, किंवा आणायला माणूस नाही. पैशाबद्दल बरेच बोलले जाते. दुसऱ्या उत्तराकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. म्हणून या अंकात सिलिंडरच्या निवडीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

तीस किलोंचे ओझे

आपण ‘चौदा किलोचा सिलिंडर’ म्हणतो, पण १४.२ किलो हे फक्त आतल्या गॅसचे वजन. पोलादी टाकीचे स्वतःचे वजन साधारण १५ ते १६ किलो असते. म्हणजे भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोंचा होतो आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भार नुसत्या लोखंडाचा असतो. डांबरी रस्त्यालगतच्या घराला याचे काही वाटत नाही. पण कोलाम बांधवांची अनेक पोडे मुख्य गावापासून दूर, जंगलाच्या कडेला आहेत. गाडी रस्त्यावर थांबली की पुढची वाट डोक्यावर, खांद्यावर किंवा सायकलवर. घरचा पुरुष कामासाठी बाहेरगावी गेलेला असेल, तर ३० किलोंचा सिलिंडर बाईने एकटीने आणणे जवळजवळ अशक्यच.

मग ती सरपणाला जाते. आपल्या भागात सरपण म्हणजे नुसते कष्ट नाहीत. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात वाघांच्या हल्ल्यांची केवढी दहशत होती, ते आपण पाहिले आहे. टी-१ म्हणजेच ‘अवनी’ वाघिणीचे नाव १३ माणसांच्या मृत्यूंशी जोडले गेले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. टिपेश्वरच्या आसपास आजही मोळीसाठी जंगलात जाणे बिनधोक नाही. घरी आल्यावर चुलीचा धूर आहेच. म्हणून सिलिंडर रिकामा राहणे ही बारीकसारीक अडचण समजू नये.

हलकी टाकी: जगात काय चालते

वजनाचा हा प्रश्न फक्त आपलाच नाही. परदेशांत मोठ्या गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या प्रोपेन गॅसवर चालतात. गाडीच्या पाठीमागे साधारण १५ किलो गॅसची टाकी असते आणि ती संपली की कामगाराला हातानेच बदलावी लागते. रोजच्या या उचलण्याने पाठ धरते, म्हणून तिथे बरेच मालक पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या घेतात. त्या हलक्या असतात आणि गंजत नाहीत. किंमत मात्र जास्त पडते.

आपल्याकडे घरगुती गॅससाठी पोलादी टाकीच सर्वत्र रूढ आहे, कारण ती मजबूत आणि स्वस्त असते. तिला हलका पर्याय म्हणून आला तो ‘कंपोझिट’ सिलिंडर. इंडियन ऑइलने तो २०२१ मध्ये बाजारात आणला. आत प्लास्टिकची टाकी, तिच्यावर काचतंतूंचे वेष्टन आणि बाहेर पुन्हा प्लास्टिकचे कवच अशी त्याची रचना असते.

आपल्यापुढचे पर्याय

*१४.२ किलोचा पोलादी सिलिंडर.* उज्ज्वला जोडणीत बहुतेकांकडे हाच आहे. एकदा आणला की बरेच दिवस पुरतो. सरकारी सवलतीही मुख्यतः यालाच जोडलेल्या आहेत. अडचण फक्त वजनाची.

*५ किलोचा घरगुती सिलिंडर.* भरलेला असताना तो साधारण १२ ते १३ किलोंचा भरतो. तीन छोटे सिलिंडर मिळून एका मोठ्यापेक्षा किंचित जास्त गॅस देतात. खेपा तीन होतात, पण प्रत्येक खेप एका बाईला झेपते. पैसेही एकदम द्यावे लागत नाहीत. आठवड्याची मजुरी हाती आली की एक भरता येतो. उज्ज्वलामध्ये एका मोठ्याऐवजी ५ किलोचे दोन सिलिंडर घेण्याची सोय आहे. दोन असले की एक चालू आणि एक भरलेला राहतो आणि मधल्या दिवसांत चूल पेटवावी लागत नाही. मोठा सिलिंडर आधीच घेतला असेल, तर तो छोट्याशी बदलून मागता येतो.

*५ किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर.* इंडेनचा ‘छोटू’ हा त्यातलाच. पेट्रोलपंपावर आणि काही दुकानांत तो ओळखपत्र दाखवून मिळतो. पत्त्याचा पुरावा लागत नाही. कामासाठी परजिल्ह्यात जाणाऱ्या कुटुंबांना तो सोयीचा आहे. पण त्याला सबसिडी नाही आणि किलोमागे गॅस महाग पडतो, म्हणून कायमच्या घरासाठी तो घेऊ नये.

*१० किलोचा कंपोझिट सिलिंडर.* भरलेला सुमारे १६ किलोंचा, म्हणजे मोठ्याच्या जवळपास निम्मा. तो गंजत नाही आणि कवचातून गॅस किती उरला ते दिसते. पण बाजारात आला तेव्हा त्याची अनामत ३,३५० रुपये होती आणि त्यावर सबसिडी नाही. गरीब कुटुंबाच्या आवाक्यात तो सहज बसत नाही.

सवलतींचा हिशेब आधी करा

नुसत्या वजनावरून निर्णय घेतला, तर नुकसान होऊ शकते. केंद्राची उज्ज्वला सबसिडी ऑक्टोबर २०२३ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ३०० रुपये आहे. ५ किलोच्या सिलिंडरला ती गॅसच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १०५ रुपये मिळते. इथपर्यंत दोघांना न्याय सारखाच आहे.

फरक पडतो तो राज्याच्या योजनेत. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ही योजना १४.२ किलोच्या जोडणीसाठीच आहे, जोडणी बाईच्या नावावर हवी आणि एका रेशनकार्डावर एकाच महिलेला लाभ मिळतो. समजा एखादे घर वर्षाला सहा मोठे सिलिंडर वापरते. त्यातले तीन मोफत म्हणजे अर्ध्या वर्षाचा गॅस झाला. जोडणी बदलून ५ किलोची केली, तर या लाभावर पाणी सोडावे लागेल.

‘मोफत’ या शब्दाचाही अर्थ नीट सांगायला हवा. उज्ज्वलाच्या लाभार्थीला सिलिंडर घेताना आधी पूर्ण पैसे द्यावे लागतात. सवलतीची रक्कम नंतर बँक खात्यात जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसेल, तर पैसा अडकतो. बऱ्याच घरांत रिकाम्या सिलिंडरचे खरे कारण हेच निघते.

म्हणून ढोबळ सल्ला असा: गाडी घराजवळ येत असेल किंवा दोन-तीन घरे मिळून बैलगाडीने सिलिंडर आणू शकत असतील, तर मोठी जोडणी ठेवावी आणि तीन मोफत सिलिंडर पदरात पाडून घ्यावेत. वाट लांब, घरात बाई एकटी आणि सिलिंडर महिनोन्महिने भरलाच जात नसेल, तर ५ किलोचे दोन बरे. न वापरलेल्या सवलतीपेक्षा रोज पेटणारी शेगडी मोलाची.

घेताना काय पाहावे

टाकीच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. त्यात गॅसचे वजन मिळवले की एकूण वजन कळते. सिलिंडर देणाऱ्याकडून तो काट्यावर मोजून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

त्याच पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. ‘सी-२७’ असेल, तर २०२७ च्या सप्टेंबरअखेर त्या टाकीची तपासणी व्हायला हवी. ती मुदत उलटली असेल, तर सिलिंडर परत करावा.

आठवडी बाजारात मिळणारी बिनशिक्क्याची छोटी टाकी कितीही हलकी आणि स्वस्त असली तरी घेऊ नये. देशात गॅसच्या टाक्यांना मंजुरी देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था नागपुरातच आहे. तिच्या मंजुरीशिवायची टाकी आणि दुकानात चोरून भरलेला गॅस दोन्ही बेकायदा आहेत आणि जिवावर बेतणारे आहेत.

घरात सिलिंडर उभाच ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो. त्याच खोलीत चूल पेटती ठेवू नये. वास आला तर दिवा-बटण न लावता दारे उघडावीत, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

सेवक-सेविकांना विनंती

पुढच्या ग्रामभेटीत प्रत्येक घरी तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटचा सिलिंडर कधी भरला, तो रस्त्यावरून घरापर्यंत कोणी आणला, आणि सवलतीचे पैसे खात्यात आले का. हे प्रश्न घरच्या बाईलाच विचारावेत, कारण ओझे तीच वाहते आणि जोडणीही तिच्याच नावावर असते. ज्यांची उत्तरे अडतील त्यांच्यासोबत एकदा एजन्सीत आणि बँकेत जाऊन यावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.