पेन्शनच्या कागदावर उघडणारा दवाखाना
(माजी सैनिकांचे हक्क : लेखांक ६)

समजा, अचलपूर तालुक्यातल्या एकाच गावचे दोन फौजी. एक पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून पेन्शनीवर आला. दुसऱ्याने घरच्या अडचणीपायी आठव्या वर्षीच स्वतःहून फौज सोडली. वर्दी दोघांनीही घातली, बर्फातला पहारा दोघांनीही दिला. पण माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, अमरावतीतल्या पॉलिक्लिनिकमध्ये औषध मिळते ते पहिल्यालाच. जवानाला नुसती फौजेतली सेवा पुरत नाही, पेन्शनही लागते. जखमी वा आजारी होऊन अपंगत्वाच्या पेन्शनवर मध्येच घरी यावे लागलेला जवान मात्र पात्र ठरतो.

ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाचा मोठा आधार लष्करी रुग्णालय, वऱ्हाडातल्यांसाठी उदाहरणार्थ कामठीचे. अमरावतीहून दीडशे किलोमीटरच्या पुढे, अकोल्याहून आणखी शंभर.

वर्गणी एकदाच भरायची. हवालदारापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना ती माफ आहे. पत्नीला लाभ मिळतो. मुलाला पंचविशीपर्यंत, पण त्याआधी नोकरी लागली किंवा लग्न झाले तर तिथेच थांबतो. अविवाहित, न कमावत्या मुलीला वयाची अट नाही.

खरी अडचण येते ती रात्री-बेरात्री. एरवी पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेऊनच ईसीएचएसच्या यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचे असते. छातीत कळ आली तर चिठ्ठीसाठी थांबायचे नाही. जवळचे रुग्णालय गाठायचे आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचे. रुग्णालय यादीबाहेरचे असेल तर बिल आधी भरावे लागते, परतावा नंतर ठरलेल्या दरानेच मिळतो. धारणीहून अमरावती शंभराहून अधिक किलोमीटर. मेळघाटातल्या घराला हा ४८ तासांचा नियम पाठ असायलाच हवा.

आणि तो दुसरा फौजी? त्याला अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार ही सरकारी रुग्णालये, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती 'राजीव गांधी' नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण शेजाऱ्याला मिळते तेच त्यालाही, फौजी म्हणून वेगळे काही नाही. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीरांनाही ना पेन्शन, ना ईसीएचएस. देशाने सेवेचे मोल केवळ पेन्शनच्या कागदावर मोजणे न्यायाचे नाही.

पत्नीचा लाभ अडू नये म्हणून पेन्शनधारकांनी एवढे आजच पाहावे: पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि आधारवर पत्नीचे नाव सारखे आहे का? नसेल तर आजारपणाची वाट न पाहता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे.