पालेभाजीतून लगद्याकडे

छोटा पडदा, छोटे प्रेक्षक : भाग ७

‘मला माहीत नाही’ असं म्हणायचा अवकाश, की वरून हिरवागार, लिबलिबीत लगदा डोक्यावर कोसळायचा. कॅनडातल्या ओटावा शहरात १९७९ साली सुरू झालेल्या ‘यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन’ या कार्यक्रमातला हा ठरलेला विनोद. आज कोणतं पोर गाफील सापडणार आणि हे तीन शब्द बोलून बसणार, याची प्रेक्षक मुलं वाट बघत असत. कथा अशी सांगतात, की पहिल्या वेळी बादलीत उरलंसुरलं अन्न कालवून ठेवलं होतं. चित्रीकरण आठवडाभर लांबलं आणि बादलीत बुरशी धरली. निर्माता रॉजर प्राइस यानं ती तशीच ओतायला लावली. पुढे मात्र रीतसर पाककृती ठरली : गव्हाचा रवा, पाणी, खायचा हिरवा रंग, थोडं तेल आणि केसांतून सहज निघावा म्हणून लहान बाळांचा शाम्पू. शाम्पू वगळला तर ही आपली रव्याची खीरच, फक्त अळणी आणि भलत्याच रंगाची.

या लगद्यानं ‘निकेलोडियन’ या अमेरिकी चॅनलला ओळख मिळवून दिली. केवळ मुलांसाठी चालणारं हे पहिलंच केबल चॅनल. गंमत अशी, की ते सुरू झालं तेव्हा त्याचा कारभार थेट उलटा होता. चिखल नाही, दंगा नाही, जाहिरात तर मुळीच नाही.

मागच्या भागात ‘सेसमी स्ट्रीट’ पाहिलं. १९६९ पासूनच्या त्या प्रयोगानं मुलांच्या टीव्हीला प्रतिष्ठा दिली, पण ते सार्वजनिक प्रक्षेपण होतं. खासगी वाहिन्यांचं गणित वेगळं. त्यांचं पोट जाहिरातींवर, म्हणून मुलांच्या वाट्याला मुख्यतः शनिवारची सकाळ. आठवड्यातला सगळ्यात स्वस्त वेळ. त्यातही तृणधान्याच्या गोड न्याहारीच्या आणि खेळण्यांच्या जाहिराती ओसंडून वाहायच्या. या प्रकाराविरुद्ध पेगी शॅरन या मॅसॅच्युसेट्समधल्या बाईंनी १९६८ मध्ये पालकांची संघटना उभी केली होती आणि ती वॉशिंग्टनपर्यंत धडका मारत होती.

केबलचा हिशेब या दोन्हींपेक्षा निराळा. तिथे घरटी वर्गणी येते आणि तिचा एक वाटा चॅनलला मिळतो. शिवाय अमेरिकेत एखाद्या शहरात केबल टाकायची तर त्या शहराच्या नगर परिषदेकडून परवाना घ्यावा लागे. आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला केबलवाल्यानं गच्चीवरून गच्चीवर वायर फेकली आणि संध्याकाळी चित्र दिसू लागलं; कायदा आला तो १९९५ मध्ये, वायरी लोंबकळून जुन्या झाल्यावर. तिकडे मात्र कंपन्यांना नगरसेवकांसमोर उभं राहून ‘आम्ही तुमच्या शहराचं काय भलं करू’ हे सांगावं लागत होतं. अशा वेळी मुलांसाठी दिवसभर चालणारं, जाहिरातमुक्त, निर्मळ चॅनल पिशवीतून बाहेर काढलं की बोलणी सोपी होत. निकेलोडियनच्या जन्मामागे बालप्रेम नव्हतं असं नाही, पण हा परवान्याचा व्यवहार त्याहून मोठा होता.

त्याचं बीज पडलं ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये. १ डिसेंबर १९७७ रोजी वॉर्नर कंपनीनं तिथे ‘क्यूब’ नावाची केबल सेवा सुरू केली. तीस चॅनल, आणि प्रेक्षकाच्या हातात अशी पेटी की बटण दाबून त्यानं थेट स्टुडिओला उत्तर द्यावं. काळाच्या इतकी पुढची कल्पना, की ती पुढे तोट्यातच बुडाली. या तीस चॅनलांपैकी एक होतं ‘पिनव्हील’, म्हणजे आपलं भिरभिरं. बाहुल्या, गाणी, लहान लहान गोष्टी. सगळं बालवाडीच्या वयाचं. ते उभं करणाऱ्या विव्हियन हॉर्नर ‘सेसमी स्ट्रीट’च्याच संस्थेतून आलेल्या. १ एप्रिल १९७९ रोजी हेच चॅनल उपग्रहावरून देशभर गेलं आणि नाव झालं निकेलोडियन. विसाव्या शतकाच्या आरंभी पाच सेंटच्या नाण्यात, म्हणजे एका ‘निकेल’मध्ये, सिनेमा दाखवणाऱ्या छोट्या थिएटरांचं हे नाव. त्या थिएटरांत कामगारांची गर्दी व्हायची. नव्या निकेलोडियनकडे मात्र मुलं फिरकेनात.

आया खूश होत्या, हीच अडचण. मुलांच्या लेखी हे चॅनल म्हणजे ताटातली पालेभाजी. अमेरिकेतही त्याची ‘हिरव्या भाजीचं चॅनल’ अशीच थट्टा झाली. आपल्या भल्याचं आहे हे पोराला कळतं, म्हणूनच तर ते ती ताटाच्या कडेला सारतं. पाच वर्षं झाली तरी तोटा हटेना.

१९८४ मध्ये चॅनलची सूत्रं जेराल्डीन लेबर्न यांच्याकडे आली. त्या मूळच्या शिक्षिका. मुलांचे छोटे गट बसवून त्यांचं बोलणं ऐकायचा सपाटा त्यांनी लावला. काय शिकायला आवडेल, असं त्यांनी विचारलं नाही. दिवस कसा जातो, हे विचारलं. मुलं सांगत होती, की लहान असणं अवघड असतं. घरात आईबाप, शाळेत बाई, सगळीकडे कोणीतरी वरचढ. लेबर्न यांनी यातून चॅनलचा पवित्राच ठरवला : मोठे एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला, आणि आपण मुलांच्या बाजूला. ओटावाच्या कार्यक्रमात हे आधीपासून होतंच. त्यातले शिक्षक, आईवडील, खाणावळवाला असे सगळे मोठे एकजात बावळट किंवा खडूस. निकेलोडियनवर लागणारा तो कार्यक्रम अमेरिकी मुलांनी उचलून धरला होता. आता अख्खं चॅनल त्याच्या वळणावर जाणार होतं.

रूप बदलण्याचं काम फ्रेड साइबर्ट आणि ॲलन गुडमन या जोडीकडे गेलं. एमटीव्हीला चेहरा देणारे हेच दोघे. जुनं चंदेरी बोधचिन्ह त्यांनी काढून टाकलं आणि नारिंगी रंगाचा डाग आणला. भिंतीवर रंगाचा गोळा मारावा तसा. आकार पक्का नाही. कधी हाड, कधी ढग, कधी पाऊलखूण, कधी मासा. रंग तेवढा तोच, आणि तोही असा की दुसऱ्या कशाशीच न जुळणारा. बोधचिन्हाला हात लावायचा नाही या कंपन्यांच्या सोवळ्याला हा चांगलाच धक्का होता. थोड्याच काळात तळाला असलेलं चॅनल केबलच्या यादीत वर गेलं.

त्याच वर्षी जाहिरातीही आल्या. ही गोष्ट निकेलोडियनच्या गौरवकथांत एका ओळीत उरकली जाते, पण गाठ इथेच आहे. आईबापांना बाजूला सारून मुलाशी थेट बोलण्याचा हक्क चॅनलनं कमावला आणि लगोलग तो खेळणीवाल्यांना भाड्यानं दिला.

पैशाची चणचण मात्र खरी होती, आणि तिच्यातून आलेली हुशारीही खरी. रात्री मुलं झोपली की चॅनल रिकामं पडे. १ जुलै १९८५ पासून त्या वेळात ‘निक ॲट नाइट’ सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकांतल्या ‘द डोना रीड शो’सारख्या जुन्या कृष्णधवल मालिका स्वस्तात उचलायच्या आणि आईबापांना त्यांचंच बालपण दाखवायचं. दिवसा ज्यांची टिंगल, रात्री त्यांचीच सरबराई.

मग ६ ऑक्टोबर १९८६ रोजी ‘डबल डेअर’ आला. फिलाडेल्फियातल्या एका सार्वजनिक वाहिनीच्या स्टुडिओत त्याचं चित्रीकरण होई. दोन संघ, सामान्यज्ञानाचे प्रश्न; उत्तर येत नसेल तर आव्हान समोरच्यावर ढकलायचं, शेवटी कोणीतरी शारीरिक कसरत करायची. डोक्यावरच्या टोपीत अंडी झेलायची, विजारीत पाय (तो फळांचा, मलईचा पदार्थ) झेलायचे. अंतिम फेरीत अडथळ्यांची शर्यत. त्यात एक महाकाय नाक आणि नाकपुडीत हात घालून शोधायचा झेंडा. नाकात बोट घालू नकोस हे दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या मुलाला याहून मोठी मेजवानी कोणती? कार्यक्रमाचा सूत्रसंचालक मार्क समर्स यानं पुढे जाहीरपणे सांगितलं, की त्याला अगदी लहानपणापासून टापटीप आणि स्वच्छतेचा विकार होता. गालिच्याच्या झालरीतले दोरे सरळ करण्यात तो तासन्‌तास घालवायचा. टीव्हीवरच्या सगळ्यात घाणेरड्या कार्यक्रमात तो रोज बरबटून उभा राहत होता.

चिखलाचा पुढे डबाही झाला. ‘डबल डेअर’मधल्या राड्याला ‘गॅक’ म्हणत. १९९२ पासून मॅटेल कंपनी त्याच नावाचा लवचिक गोळा डबीत भरून विकू लागली.

दरम्यान कार्टूनचा प्रश्न होता. १९८०च्या दशकात अमेरिकी कार्टून म्हणजे बहुतेकदा खेळण्याची अर्ध्या तासाची जाहिरात. आधी बाहुला, मग त्याची मालिका. निकेलोडियननं उलट वाट धरली. चित्रकाराकडे त्याची स्वतःची पात्रं मागितली. ११ ऑगस्ट १९९१ रोजी, एका रविवारी सकाळी, तीन मालिका एकदम सुरू झाल्या. ‘डग’ हा डायरी लिहिणारा, बुजरा, अकरा वर्षांचा मुलगा. ‘रगरॅट्स’मध्ये रांगत्या बाळांचं जग, टेबलाखालून, मोठ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवरून पाहिलेलं. ते बनवणाऱ्या क्लास्की-चूपो स्टुडिओनं त्याआधी ‘द सिम्पसन्स’ हाताळलं होतं. १९९८ मध्ये ‘रगरॅट्स’चा चित्रपट आला आणि अमेरिकेत त्यानं दहा कोटी डॉलरांचा पल्ला ओलांडला. डिस्नेबाहेरच्या ॲनिमेशनपटाला तोवर हे जमलं नव्हतं.

तिसरी मालिका ‘रेन अँड स्टिम्पी’. चिडका चिवावा कुत्रा आणि मठ्ठ मांजर. नाकातला शेंबूड, केस, घाम असं सगळं भिंगातून दाखवल्यासारखं. अनेकांच्या मते तिघींत अस्सल कलाकृती हीच, आणि डोकेदुखीही हीच. भाग वेळेवर येईनात, मजकुरावरून खटके उडत. १९९२ मध्ये चॅनलनं तिचा निर्माता जॉन क्रिकफालुसी यालाच काढून टाकलं आणि मालिका दुसऱ्यांकडून चालू ठेवली. पात्रांचे हक्क चॅनलच्या नावावर होते. कलाकाराला मोकळीक देणारं चॅनल, पण सातबारा आपल्याच नावावर ठेवणारं.

सगळाच दंगा होता असं नाही. लिंडा एलर्बी या पत्रकार बाई ‘निक न्यूज’मधून मुलांना बातम्या सांगत. १९९२ मध्ये बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांना त्यांनी मुलांसमोर बसवलं. आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं जॉन्सन यांनी काही महिन्यांपूर्वीच जाहीर केलं होतं. त्या मुलांत एचआयव्ही झालेली सात वर्षांची एक मुलगीही होती. इतर मुलं आपल्याशी नेहमीसारखी वागावीत एवढंच मागताना तिला रडू कोसळलं.

त्याहून शांत क्रांती बालवाडीच्या वयासाठी झाली. ८ सप्टेंबर १९९६ रोजी ‘ब्लूज क्लूज’ सुरू झालं. निळी कुत्री, तिच्या पंजाच्या तीन खुणा, त्यावरून कोडं सोडवायचं. स्टीव्ह नावाचा सूत्रसंचालक कॅमेऱ्यात बघून प्रश्न विचारे आणि मग गप्प बसे. टीव्हीवर शांतता म्हणजे पाप, पण स्टीव्ह थांबायचा, कारण घरातलं तीन वर्षांचं मूल विचार करत असतं. दुसरी चलाखी अशी, की सोमवार ते शुक्रवार रोज तोच भाग. मोठ्यांना वाटेल, ही तर काटकसर! ती होतीच, पण संशोधनात दिसलं की मुलं कंटाळत नाहीत. सोमवारी नुसती बघतात आणि शुक्रवारपर्यंत ओरडून उत्तरं देऊ लागतात. रोज रात्री तीच चिमणी-कावळ्याची गोष्ट मागणारं नातवंड ज्या आजीच्या कुशीत असतं, तिला हे विद्यापीठानं सांगायची गरज नसते.

मग आला तो पिवळा चौकोन. स्टीफन हिलेनबर्ग हा कॅलिफोर्नियात मुलांना समुद्री जीवशास्त्र शिकवायचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जिवांवर त्यानं चित्रकथा काढली होती. तिच्यातला एक स्पंज पुढे ‘स्पंजबॉब’ झाला. समुद्रातला खरा स्पंज वेडावाकडा असतो. यानं भांडी घासायच्या स्पंजचा चौकोन घेतला. पहिला भाग १ मे १९९९ रोजी दिसला. खेकडा पैशाला चिकटलेला, तारामासा बिनडोक, खार हवेचं शिरस्त्राण घालून तळाशी राहते; शास्त्र धाब्यावर बसवणारा हा माणूस शास्त्रच शिकलेला होता. २०११ मध्ये बोर्निओत सापडलेल्या एका स्पंजासारख्या बुरशीला शास्त्रज्ञांनी ‘स्पंजिफॉर्मा स्क्वेअरपँट्सी’ असं नाव देऊन परतफेड केली. हिलेनबर्ग २०१८ मध्ये गेला. मालिका चालूच आहे.

या यशात जाहिरातींची ती जुनी गाठ मात्र सुटली नाही. २ ऑक्टोबर २००४ रोजी निकेलोडियननं भर दुपारी तीन तास प्रक्षेपण बंद ठेवलं आणि मुलांना सांगितलं, उठा, बाहेर खेळा. कल्पना झकास, कौतुकही झालं. त्याच महिन्यात मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींची मर्यादा ओलांडल्याबद्दल त्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीनं, व्हायकॉमनं, सरकारला दहा लाख डॉलर भरायचं कबूल केलं. पेगी शॅरन यांच्या लढ्यातून आलेल्या १९९० च्या कायद्यानं ही मर्यादा घातली होती आणि ती केबललाही लागू होती.

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत १९९० मध्ये उघडलेला निकेलोडियनचा स्टुडिओ, ज्याच्या दारात हिरव्या लगद्याचं कारंजं उसळायचं, २००५ मध्ये बंद झाला. तिथे ३० एप्रिल १९९२ रोजी मुलांच्या पसंतीच्या वस्तूंची एक पेटी जमिनीत पुरली होती : ‘होम अलोन’ची व्हिडिओ कॅसेट, गेम बॉय, गॅकची डबी आणि असंच बरंच काही. पन्नास वर्षांनी, ३० एप्रिल २०४२ रोजी ती उघडायची असं ठरलं आहे. स्टुडिओ गेल्यावर ती उकरून एका हॉटेलात नेली आणि हॉटेलचं नाव बदललं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बरबँकला, चॅनलच्या ॲनिमेशन स्टुडिओत. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं मूल ती उघडताना साठीचं असेल, आणि व्हिडिओ कॅसेट चालवायचं यंत्र कुठे मिळतं, हे बहुधा त्यालाच शोधावं लागेल.

(पुढच्या भागात : १९९९ मध्ये भारतात आलेलं निक, मुंबईच्या स्टुडिओत चालू-बोलू लागलेले मोटू-पतलू, आणि कार्टून बघून घरात हिंदी बोलणारी मराठी मुलं.)