यादीत नंबर मिळाला, परवान्याचे काय?

दिवाळी सरली की कामशेतच्या बाजारपेठेत गीझरची चौकशी वाढते, आणि होळी जवळ आली की एसीची. नाणे मावळातली गावे खरेदीला याच बाजारात उतरतात. शिवाय पवनेच्या बाजूला आणि उकसाणच्या तळ्याकडे शनिवार-रविवारचे बंगले आणि होम-स्टे वाढले आहेत. घर इथे आणि मालक मुंबईत किंवा पुण्यात, असा हा मामला. गीझर बिघडला की मालक तिकडूनच एखादी स्थानिक सूची चाळतो, ‘लायसन्सधारक, अनुभवी’ असे लिहिलेला नंबर निवडतो आणि राखणदाराला सांगतो, ‘माणूस येईल, त्याला आत घे.’

यात सोय आहे, पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हे ‘लायसन्स’ नेमके कशाचे?

आपल्याकडे ‘एसी मेकॅनिक’ किंवा ‘गीझर मेकॅनिक’ असा सरकारी परवानाच नाही. त्यामुळे सूचीतला ‘लायसन्स’ हा शब्द बऱ्याचदा दुकाने-आस्थापनांची नोंदणी, म्हणजे गुमास्ता, किंवा जीएसटी क्रमांक एवढ्यावरच उभा असतो. ही कागदपत्रे खोटी नसतात. पण ती धंद्याची नोंद सांगतात, हाताचे कसब नाही. ब्रिटनमध्ये घरातल्या गॅसच्या उपकरणाला ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव असलेल्या तंत्रज्ञानेच हात लावावा, असा कायदा आहे. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणत्या उपकरणाचे काम त्याला करता येते, तेही छापलेले असते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एसी-हीटिंगच्या ठेकेदाराला वेगळा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक कुणालाही तपासता येतो. तिथे सूची आणि परवाना यांची गाठ सरकारने मारून दिली आहे. आपल्याकडे ती ग्राहकालाच मारावी लागते.

जीव जातो तो न्हाणीघरात

ही गाठ का मारायची, हे गॅस गीझरवरून नीट कळते. मावळातल्या थंडीत आणि वीज जाण्याच्या त्रासात गॅस गीझर सोयीचा वाटतो. पण तो म्हणजे भिंतीवर टांगलेली शेगडीच असते. आपल्याकडच्या अनेक घरगुती गॅस गीझरना धूर बाहेर नेणारी नळी नसते. जळण्यासाठी लागणारी हवा तो खोलीतूनच घेतो आणि जळलेली हवा खोलीतच सोडतो.

थोडा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर दहा मिनिटांत साधारण १५० ते १६० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे या दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन खर्ची पडला. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात मुळात हवाच साडेपाच घनमीटरहून कमी असते. खिडकी बंद, दाराखाली फट नाही आणि एकामागून एक दोघांच्या आंघोळी, असे झाले की ज्योतीला ऑक्सिजन पुरत नाही. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण एलपीजीत मुद्दाम वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. इथे तोही इशारा मिळत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय गळून जातात. दार उघडायचे भान येईपर्यंत हात उचलण्याची ताकद उरलेली नसते.

कुणी असे सापडले तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. आत घुसमट असेल तर श्वास रोखून जा, तिथे थांबू नका. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरलेला असतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर हा वेळ दीड तासाच्या आत येतो. म्हणून रुग्णालय गाठणे महत्त्वाचे.

‘गीझर कुठे बसवू?’ या प्रश्नावरच मेकॅनिकची परीक्षा होते. जाणता माणूस तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवायला सांगतो आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घेतो. ‘आतच लावू, नळी कमी लागेल,’ असे म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

परवाना खरोखर कुठे लागतो

विजेच्या बाबतीत मात्र आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार, दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर नवे वायरिंग, वाढीव वायरिंग आणि दुरुस्ती ही परवानाधारक विद्युत ठेकेदाराचीच कामे आहेत. महाराष्ट्रात हा परवाना राज्य शासन देते. त्यावर क्रमांक आणि मुदत दोन्ही असतात. ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्या वायरमनलाही स्वतःचा परवाना लागतो. नव्या जोडणीच्या वेळी महावितरण ज्याचा चाचणी अहवाल मागते, तो हाच ठेकेदार.

एसी आणि गीझरचा याच्याशी थेट संबंध आहे. दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. त्याला पंख्या-दिव्याच्या लाइनवरून जोड देऊन चालत नाही. स्वतंत्र लाइन, जाड तार आणि मोठा सॉकेट हवा. ही नवी लाइन ओढायची वेळ आली की काम ‘मेकॅनिक’च्या हातून ठेकेदाराकडे गेले पाहिजे.

मावळात अर्थिंगकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते. जमिनीखाली काळा कातळ आहे. पावसाळ्यात माती चिंब असते तेव्हा अर्थिंग चांगले वाटते. एप्रिल-मेमध्ये वरची माती सुकली की तेच कमकुवत होते. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या बंगल्यात उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात, दमट हवेने जोड गंजलेले असतात. अशा घरात अर्थिंग दरवर्षी मोजून घ्यावे आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. प्रवाह शरीरातून जमिनीत जाऊ लागला की तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहण्याचे काम राखणदारही करू शकतो.

‘गॅस भरावा लागेल’

एसीवाल्याचे हे ठरलेले वाक्य. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून आपला पहिला प्रश्न असावा, ‘गळती कुठे सापडली?’ जाणकार मेकॅनिक कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधतो, ती बंद करतो, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करतो आणि मगच मोजून गॅस भरतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर वापरणाऱ्याला तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होऊ शकतो.

दुसरा प्रश्न, ‘यात कोणता गॅस आहे?’ उत्तर यंत्राच्या पट्टीवर छापलेले असते. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला घातक, म्हणून माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आज बाजारात जास्त दिसणारा आर-३२ ओझोनला अपाय करत नाही, पण तो सौम्य ज्वालाग्राही आहे. काही यंत्रांत आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. एकाचा गॅस दुसऱ्यात भरणे किंवा बंद खोलीत गॅस सोडून शेजारी टॉर्च पेटवणे हा जिवाशी खेळ आहे. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते याच गरजेतून.

मग नंबर निवडायचा कसा?

सूची वापरावी, पण पहिली पायरी म्हणून. दोन-तीन नंबर काढावेत आणि फोनवरच विचारावे. वायरिंगचे काम असेल तर विद्युत ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि मुदत. एसीचे असेल तर आयटीआयच्या रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे किंवा कौशल्य परिषदेचे प्रमाणपत्र. कंपनीचा अधिकृत माणूस म्हणवत असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून खात्री करावी. ज्याच्याकडे कागद आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला कुरकुरत नाही. आणि जो घरी येईल तोच प्रमाणपत्रधारक आहे ना, हेही विचारावे. अनेकदा कागद मालकाचा असतो आणि येतो तो नवशिका पोरगा.

कागद नसलेला प्रत्येक जण अडाणी नसतो. वीस वर्षे उस्तादाच्या हाताखाली शिकलेले कसबी कारागीर याच पट्ट्यात आहेत. अशांना गळती, अर्थिंग आणि गीझरची जागा हे तीन प्रश्न विचारून पाहा. खरा कारागीर प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो. मात्र नव्या वायरिंगसाठी परवान्याला पर्याय नाही.

काम झाले की पावतीवर परवाना क्रमांक, तारीख आणि भरलेल्या गॅसचे नाव लिहून घ्यावे आणि ती पावती मीटरपेटीजवळ ठेवावी. दोन-तीन हंगामांत विश्वासाच्या माणसांची तुमची स्वतःची यादी तयार होईल.

होम-स्टे चालवणाऱ्यांनी आणखी एक करावे. येणाऱ्या पाहुण्याला तुमचा गीझर ठाऊक नसतो. न्हाणीघराच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, ‘खिडकी उघडी ठेवा.’ आणि शक्य असेल तर या हिवाळ्याआधी गीझरच दाराबाहेर काढा.